आमच्या घरचे कोळी

इंदूर नगरीची कीर्ती सांप्रत स्वच्छतेसाठी साऱ्या देशात गाजते आहे. २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वर्षे स्वच्छ शहरांच्या सर्वेक्षणात तिचा पहिला क्रमांक आला. सातव्या वर्षी तेवढा तो सुरतेबरोबर वाटून घ्यावा लागला. सकाळी गाणे वाजवीत कचऱ्याची गाडी गल्लीत शिरते, ओला आणि सुका कचरा निरनिराळ्या डब्यांतून बाहेर येतो, आणि रस्त्यावर कागदाचा कपटा टाकताना इंदूरकराचा हात आता आपोआप थबकतो. परंतु ही सारी स्वच्छता जमिनीलगतची. मान वर करून घराच्या आढ्याकडे पाहण्याचे सर्वेक्षण अद्याप कोणी काढलेले नाही. आणि ते निघालेच, तर रामबागेतील आमच्या घराचा क्रमांक खालून पहिला लागेल, अशी आम्हां भावंडांची पुष्कळ दिवस खात्री होती.

हे घर आमच्या पणजोबांनी बांधले. दगडी जोते, जाड भिंती, सागवानी तुळया आणि त्यांवर फळ्यांची तक्तपोशी. जिन्याखाली एक अंधारी खोली, प्रत्येक भिंतीत दोन कोनाडे, आणि माळ्यावर तीन पिढ्यांनी ‘लागेल कधीतरी’ म्हणून जपलेल्या वस्तू. मागील अंगाचे न्हाणीघर तेवढे अलीकडचे, पण त्याची फरशी बारा महिने ओली. कोळ्याला बिऱ्हाड करण्यासाठी जे जे हवे असते, म्हणजे आडोसा, ओलावा, धागा बांधावयास कोपरे आणि खावयास किडे, ते सारे येथे फुकट मिळते. दिवाळीपूर्वी पुताईवाले भैया येतात. (भिंतींना चुना देण्याला आपल्याकडील मराठी घरांतही पुताईच म्हणतात.) त्यांच्या बांबूच्या एका फटकाऱ्यासरशी वर्षाची कोळिष्टके खाली येतात, आणि तुळशीचे लग्न लागते न लागते, तोच त्याच कोपऱ्यात पुन्हा एक बारीक तंतू लकाकू लागतो.

आपल्या भाषेने ह्या प्राण्याकडे बारकाईने पाहिलेले आहे. ज्यात धनी बसलेला असतो ते जाळे, आणि धनी सोडून गेल्यावर ज्यावर धूळ व धूर साचतो ते जळमट. मासे धरणारा आणि माश्या धरणारा, दोघेही कोळीच. फार पूर्वी मुंडकोपनिषदाच्या कर्त्यानेही, ब्रह्मापासून विश्व कसे निघते हे सांगताना, आपल्यातून तंतू काढणाऱ्या आणि तो पुन्हा आपल्यातच घेणाऱ्या कोळ्याचा दृष्टान्त घेतला. त्यातले निरीक्षण खरे आहे. बागेत चक्राकार जाळी विणणारे कित्येक कोळी जुने जाळे खाऊन टाकतात आणि त्याच द्रव्यातून नवे विणतात. आमच्या घरातील कोळी मात्र ह्या काटकसरी संप्रदायातले नव्हेत. ते जुने जाळे तसेच सोडून वीतभर पलीकडे नवा संसार थाटतात. घरोघरी जळमटे साचतात ती अशी.

शत्रूची माहिती काढावी म्हणून आम्ही जी पाहणी केली, तीत मुख्यत्वेकरून तीन प्रकारचे भाडेकरू आढळले. पहिले ते छताच्या कोपऱ्यातील लांबटांगे. शरीर गव्हाच्या दाण्याएवढे आणि पाय दोऱ्यासारखे लांबलचक. त्यांचे जाळे म्हणजे नुसता गुंताडा. पाहणाऱ्यास त्यात काही रचना दिसत नाही, पण डासाचा पाय एकदा अडकला की सुटत नाही. ह्यांना काठीने किंचित ढोसले, तर ते पळत नाहीत. जाळ्यात राहूनच अंग इतके वेगाने हलवतात की कोळी दिसेनासा होऊन तेथे नुसता धुरकट ठिपका उरतो. त्यांची मादी अंड्यांचा पुंजका तोंडात धरून फिरते, आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत तो खाली ठेवीत नाही. हे प्रथम पाहिले तेव्हा आमची धाकटी बहीण हातातील कुंचा तसाच उभा धरून बराच वेळ राहिली, आणि त्या दिवशी तो कोपरा झाडावयाचा राहून गेला.

दुसरा तो भिंतीवर टुणटुण उड्या मारणारा. ह्याला जाळे नाही. आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन एवढे मोठे की आपण जवळ गेलो तर तो वळून आपल्याकडे पाहतो. माशीच्या मागे मांजरासारखा दबकत जातो आणि झेप घेण्यापूर्वी भिंतीला एक धागा चिकटवतो, म्हणजे नेम चुकला तरी खाली पडावयास नको. झेपेसाठी पाय ताठ करावयास कोळ्यांना आपल्यासारखे स्नायू पुरत नाहीत. शरीरातील द्रवाचा दाब पायांत सोडून ते काम साधतात. व्यायामशाळेत जाणाऱ्या आमच्या दादाला ही युक्ती अन्यायाची वाटते.

तिसरा तो न्हाणीघरातील पंजाएवढा, चपटा, तपकिरी. घरातील सारे ओरडणे ह्याच्या वाट्याचे. हाही जाळे विणीत नाही. रात्री झुरळांची शिकार करतो. मादी पोटाखाली पांढऱ्या चकतीसारखी अंड्यांची पिशवी घेऊन हिंडते. हातात पकडला तर चावेल, दुखेलही. पण आपण होऊन अंगावर येण्याचे त्याला काहीच कारण नसते. ही गोष्ट पहाटे पाचला दिवा लावून आत गेलेल्या काकूंना समजावून सांगणे कठीण.

हे सर्व वर्षानुवर्षे असेच चालले असते. पण गेल्या वर्षी ताई देवासहून बाळंतपणासाठी आली. ऑगस्टमध्ये तिला मुलगी झाली. माडीवरची उत्तरेकडची खोली तिच्यासाठी लावली गेली आणि आजीची आज्ञा सुटली: ह्या खोलीत एकही कोळी दिसता कामा नये. आम्ही कुंचे घेऊन निघालो, खोली लख्ख केली, आणि चारच दिवसांत खिडकीच्या वर दोन आणि दाराच्या वर तीन नवी जाळी झाली.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी ताईच्या उजव्या कोपराच्या वळणात लाल पट्टा उठला. दुपारपर्यंत त्यावर पाण्याचे बारीक फोड आले आणि भाजल्यासारखी आग होऊ लागली. शेजारच्या भाभीजी पाहावयास आल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, “मकडी चल गई.” मालव्यात हे निदान घरोघरी ठाऊक आहे. कोळी अंगावरून गेला किंवा अंगावर मुतला, की असे फोड येतात, आणि त्यावर आमचूर पाण्यात उगाळून लावावा. आमचूर वाटीत भिजलासुद्धा. आजी दाराच्या वरच्या जाळ्याकडे अशा दृष्टीने पाहत होती, की कोळ्यांना ती समजती तर ते त्याच क्षणी बिऱ्हाड हलवते.

आईला मात्र एकाच गोष्टीची धास्ती होती. बाळाचे डोके ताईच्या नेमके त्याच कोपरावर असावयाचे. हे लागट असले तर? दुसऱ्या दिवशी चाळीस माणसे घरी यावयाची होती. त्यांना काय कळवावे? ताई तर बाळाला जवळ घ्यावयासही तयार होईना. बाळ रडे, आणि ताई हात लांब धरून त्याच्याहून अधिक रडे.

तेव्हा बाबा तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. आम्हीही मागून गेलो. डॉक्टरांनी कोपर सरळ केले, मिटले, पुन्हा सरळ केले. वळणाच्या वरच्या बाजूस जसा पट्टा होता, तसाच खालच्या बाजूसही होता. जणू ओल्या शाईवर कागद मिटल्यावर दोन्हीकडे एकच आकृती उमटावी. “नागीण नाही,” ते म्हणाले, आणि बाबांनी रोखून धरलेला श्वास सोडला. नागीण असती, तर तिच्या फोडांतील पाण्यातून बाळाला कांजिण्या होण्याचा संभव होता, आणि त्या वयात तो धोका लहान नव्हे. तसे असते, आणि आम्ही आमचूर लावून कोळ्यांना शिव्या देत घरी बसलो असतो, तर काय झाले असते, ह्याचा विचार तेथे बाकावर बसल्या बसल्या सर्वांच्याच मनात आला असावा. कारण कोणी काही बोलले नाही.

खरा अपराधी एक लहानसा भुंगेरा निघाला. मुंगीसारखा लांबट, सेंटिमीटरभरही नाही. अंगावर नारिंगी आणि काळे पट्टे. डॉक्टरांनी त्याचे चित्र दाखवले, तेव्हा ताई म्हणाली की असले किडे दारातल्या दिव्याखाली रोजच पडलेले असतात. तो चावत नाही की नांगी मारीत नाही. अंगावर बसला आणि आपण झोपेत तो चिरडला, की त्याच्या शरीरातील पेडेरिन नावाचे विष कातडीला लागते आणि सुमारे एका दिवसाने फोड उठतात. कोपराच्या घडीत चिरडला, तर घडीच्या दोन्ही बाजूंस. आफ्रिकेत ह्याच्याच भाऊबंदांना नैरोबीची माशी म्हणतात. हा ओल्या मातीत वाढतो, पिकांवरील बारीक कीड खातो, म्हणजे शेतकऱ्याचा मित्रच. पण पावसाळ्यात रात्री दिव्याकडे धावत येतो. अंगावर दिसला तर फुंकर घालून उडवावा किंवा कागदावर घ्यावा, चिरडू नये. चिरडलाच तर ती जागा साबणाने धुवावी आणि तो हात डोळ्यांना लावू नये. कोळ्याच्या मुताची गोष्ट तर सर्वथैव काल्पनिक. कोळी आपल्यासारखे पाणीदार मूत्र टाकीतच नाहीत. त्यांच्या जाळ्याखाली फरशीवर जे पांढुरके ठिपके दिसतात तेच त्यांचे उत्सर्जन, आणि त्याने फोड येत नाहीत. डॉक्टरांनी मलम दिले, कोपरावर स्वच्छ पट्टी बांधली, आणि बाळाला डाव्या हातावर घ्यावयास हरकत नाही म्हणून सांगितले. बारसे ठरल्या वेळी झाले.

घरी परतताना दादाच्या लक्षात आले ते असे, की ताईच्या दाराच्या अगदी वर पांढऱ्या उजेडाची नळी होती, आणि ताईला रात्री उठावे लागते म्हणून ती रात्रभर जळत असे. त्या उजेडाला भुंगेरे येत, पाकोळ्या येत, डास येत. आणि ते येत म्हणून दाराच्या वर तीन जाळी. कोळी पाहुण्यांच्या मागून पंगतीला आले होते. आम्ही चार दिवसांनी पंगत उधळीत होतो, पण आमंत्रण दर रात्री नव्याने जात होते.

काकांचे मत विषारी फवारणी करणाऱ्यांना बोलवावे असे पडले. घरोघरी ते येतात, गल्लीत एकदोघांकडे येऊनही गेले होते. पण तान्ह्या मुलाच्या खोलीत असले काही मारू नये असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. शिवाय भिंतीवर मारलेल्या औषधाचा कोळ्यावर फारसा परिणाम होतही नाही. झुरळ पोट घासत चालते. कोळी उंच पायांवर, केवळ पायांची टोके टेकीत जातो. औषधाचा थेंब थेट अंगावर पडला तरच तो मरतो, आणि थेट अंगावर नेम धरावयाचा असेल तर कुंचा काय वाईट? वासाच्या उपायांचेही बरेच ऐकिवात असते. कोणी कापूर सांगतो, कोणी लिंबाची साल. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पुदिन्याच्या तेलापासून काही जातींचे कोळी दूर राहिले, लिंबाच्या तेलाची मात्र त्यांनी पर्वा केली नाही. आमच्याकडे काकूंनी लिंबाच्या साली कोनाड्यांत ठेवल्या होत्या. त्यांवर मुंग्या आल्या.

मग जे केले ते असे. दारावरची नळी काढून जिन्याच्या टोकाला लावली आणि रात्री दहानंतर ती बंद होऊ लागली. ताईच्या खोलीत मंद पिवळा दिवा आला; पिवळसर उजेडाकडे किडे कमी येतात. खिडक्यांना बारीक जाळी ठोकली, दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावली, आणि न्हाणीघराच्या मोरीवर झाकण बसवले. मग माळा. रद्दी, पुठ्ठ्याची खोकी, दोन मोडक्या खुर्च्या आणि एक जुना पाळणा. पाळण्याला नवी रंगरंगोटी मिळाली, बाकी सारे रद्दीवाल्याकडे गेले. आजोबांच्या मासिकांच्या गठ्ठ्यांवरून थोडा वाद झाला. तो येथे विस्ताराने सांगत नाही. गठ्ठे आता पत्र्याच्या पेटीत आहेत.

झाडण्याचीही रीत बदलली. कोरड्या कुंच्याने जळमट तुटून खाली उडते आणि कोळी भिंतीने पळून जातो. बांबूच्या टोकाला ओले फडके गुंडाळून तो जाळ्यात हळूहळू फिरवला, म्हणजे धागे सुताच्या लडीसारखे त्यावर गुंडाळले जातात, धूळ डोळ्यांत येत नाही, आणि अंड्यांचा पुंजकाही मागे राहत नाही. काम वरून खाली करावे. पंधरवड्याने पुन्हा करावे, कारण जी पिल्ले सुटली असतील ती काही आठवड्यांत आपापली जाळी बांधू लागतात. दिवाळीची एक मोठी झाडझूड म्हणजे वर्षातून एकदा जेवण्यासारखे आहे.

न्हाणीघरातील थोरल्यासाठी वेगळा उपाय. त्याच्यावर काचेचा रुंद पेला हळूच पालथा घालावा, पेला आणि भिंत ह्यांमध्ये जाड पोस्टकार्ड सरकवावे, आणि त्या दोघांच्या मध्ये त्याला घेऊन परसातल्या पेरूच्या झाडाशी सोडून यावे. झाडू मारणे ह्याहून वाईट. तो चपळ असतो, झाडू चुकतो, आणि मग तो कोठे गेला ह्या प्रश्नाने घरातील कोणी जेवत नाही. हे काम प्रथम दादाने केले, मग आम्ही सर्वांनी. काकूंनी अजून केलेले नाही, पण आता त्या ओरडण्यापूर्वी पेला मागतात.

महिनाभरात गच्चीकडील बाजूची जाळी निम्म्याहून कमी झाली. ताईच्या दारावर एकही उरले नाही. खिडकीच्या चौकटीवरचा तो उड्या मारणारा मात्र राहिला होता, आणि त्याच्यावरून घरात रीतसर चर्चा झाली. आजीचा आदेश ‘एकही नको’ असा होता. आम्ही तिला सांगितले, की ह्या कुळात आजवर नाना तऱ्हेचे पराक्रमी निघालेले आहेत. केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपास राहणारी एक जात माणसाचे रक्त पिऊन टरटरून फुगलेले डास वेचून खाते. २०१९ साली गुजरातेतील एका संशोधकाने एका जातीला सचिन तेंडुलकरांचे नाव दिले. आणि २०२१ साली ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका नव्या जातीला तुकाराम ओंबळे ह्यांचे नाव ठेवले गेले. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात गोळ्या झेलीत कसाबची बंदूक धरून ठेवणारे ते पोलीस. क्रिकेटचे नाव ऐकून आजीच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नव्हता. ओंबळ्यांचे नाव ऐकल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, “तो पाळण्यावर तर येत नाही ना?” नाही म्हटल्यावर म्हणाली, “मग त्या खिडकीपुरता राहू दे. पण लांबटांगे खोलीत नकोत.” ताईचेही तेच म्हणणे पडले. पुढे काही दिवस तो खिडकीत माशा धरताना दिसे; मग दिसेनासा झाला. पाल घेऊन गेली असावी. पालींचा प्रश्न अजून घरात चर्चेला आलेला नाही.

ताईचा हात दहाबारा दिवसांत बरा झाला. कोपरावर तपकिरी डाग तेवढा बरेच दिवस दिसत होता. भाभीजींना आम्ही भुंगेऱ्याचे चित्र नेऊन दाखवले. त्यांनी ते नीट पाहिले, ह्याला आपण खूपदा पाहिले आहे असेही म्हणाल्या, आणि मग विचारले की ह्याला हिंदीत काय म्हणतात. ते आम्हांला सांगता आले नाही. त्यामुळे गल्लीत अजून मकडीच चालते. पण त्यांच्या नातवाच्या मानेवर पुढे तसेच फोड आले, तेव्हा त्या आमचूर न उगाळता त्याला घेऊन आधी डॉक्टरांकडे गेल्या.

आता आमच्याकडे एक रविवार सोडून एक बांबू निघतो. तो कोणी धरावयाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरते, आणि धाकट्या बहिणीची चिठ्ठी निघाली की तोंडात अंडी धरलेल्या मादीचा कोपरा पुढच्या खेपेपर्यंत तसाच राहतो, हे सर्वांना ठाऊक आहे. न्हाणीघराच्या दाराआड फळीवर तो पेला आणि पोस्टकार्ड ठेवलेले असते. ताई दिवाळीनंतर देवासला परत गेली; निघण्यापूर्वीच तिने भाऊजींना कळवून दारावरचा पांढरा दिवा बदलून घेतला होता.